आखाजीचं गाणं : झोका गया, झोका उना

प्रेषक : ताई (टोरांटो)
विषय : आखाजीच्या कार्यक्रमासाठी नवी चाल

रामराम मंडळी,

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, बांधलेलं झोक्याचं गाणं सोबत जोडलं आहे. सा काळी ४, ताल दादरा (६ मात्रांचं आवर्तन), लय मिनिटाला १२० मात्रा. आधी १६ सेकंद बासरी, मग मुखडा समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून (‘गया’ म्हणजे गेला, ‘उना’ म्हणजे आला) :

झोका गया, झोका उना
माहेरमा जीव रमना
माझा डोळा भरी उना

‘झो’ पहिल्या मात्रेवर, ‘का’ दुसऱ्या, ‘गया’ तिसऱ्या मात्रेत. पुढच्या तीन मात्राही तशाच. अंतरा तार गंधारापर्यंत जातो. खाली ढोलकीचा लूप लावलाय. सूर-ताल जागेवर आहेत, पण गाणं धावत सुटल्यासारखं वाटतं आणि झोका काही केल्या जाणवत नाही. लय १०८ केली तर नुसती मरगळ आली. कुठे चुकतंय?

———

प्रेषक : बापू (शारजा, मूळ शिरपूर)
विषय : उत्तर : आखाजीच्या कार्यक्रमासाठी नवी चाल

ताई, चाल गोड आहे. जाताना सूर चढतो, येताना उतरतो, हे फार छान साधलंय. पण झोक्याच्या गाण्याची लय दोराने ठरते.

लिंबाच्या फांदीला १६ फुटांचा दोर धरा. आपल्याकडे पोरी उभ्याने झोका चढवतात. झोक्याची खरी लांबी फांदीपासून बेंबीपर्यंत मोजायची, कारण शरीराचा भार तिथे एकवटतो. बेंबी फळीपासून साधारण ३ फूट वर, म्हणजे उरले १३ फूट. एवढ्या लांबीच्या झोक्याला जाऊन-येऊन ४ सेकंद लागतात. एक उभी राहो की दोघी, वजनाने वेळ बदलत नाही. ४ सेकंदांत दादऱ्याचं एक आवर्तन बसवलं की ६ मात्रा, मिनिटाला ९०. तुमच्या १२० मध्ये आवर्तन ३ सेकंदांत संपतं. तो झोका सव्वासात फुटांचा होतो. ओसरीवरच्या पाळण्याला ते चालेल, लिंबाला नाही. १०८ चा निघतो ९ फुटांचा, तोही अधलामधलाच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते मुख्य : समेची जागा. झोका सगळ्यांत जोरात असतो तो तळाला. पुढे जाताना तळ ओलांडला ती सम, मागे येताना ओलांडला ती चौथी मात्रा. दोन्ही टोकांना, म्हणजे अडीच आणि साडेपाच मात्रांच्या जागी, तो क्षणभर थांबतो. तुमच्या मांडणीत समोरच्या टोकाला ‘का’ येतो आणि झोका परत फिरल्यावर ‘गया’ ऐकू येतं. शब्द सांगतो गेला, अंग सांगतं परत आला. लय कमी करूनही झोका का आला नाही ते इथे आहे.

मुखडा सहाव्या मात्रेवरून उचला :

सहावी : झो (सा) का (रे), अर्धी-अर्धी मात्रा
पहिली, सम : ग (ग) अर्धी, मग या (म) दीड मात्रा धरून
तिसरी : झो (ग) का (रे), अर्धी-अर्धी
चौथी : उ (रे) अर्धी, मग ना (सा) दीड मात्रा धरून

आता दोन्ही टोकांना मोकळा आकार येतो, ‘या’ आणि ‘ना’. तिथे मुरकी नको. सूर नुसता तरंगू द्या.

अंतरा मात्र खाली आणा. मंद्र निषाद ते मध्य धैवत एवढी धाव पुरे. झोका चढवताना गुडघे वाकतात, पोट आवळतं. तार गंधारावर टिकायला दम राहत नाही. शिवाय एकीने म्हणायचं आणि बाकीच्या बायांनी झेलायचं, म्हणजे मागून म्हणायचं, तर सूर सगळ्यांच्या गळ्यात बसायला हवा.

शेवटच्या अंतऱ्याला लय वाढवायची सवय इथे मोडा. झोका उंच गेला की फेरा उलट किंचित लांबतो. दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत चढला तर सुमारे ४ टक्क्यांनी. म्हणजे ९० ची ८६-८७ होते. हे करून बघाच, अंगावर काटा येतो.

ढोलकीचा लूप काढा. पेटीवर फक्त सा-प धरा, चाल वाजवू नका. बायांच्या गळ्यातला गंधार पुष्कळदा कोमल आणि शुद्धच्या मध्ये लागतो. पेटीची पट्टी तो देत नाही आणि मग गळाच बेसूर वाटतो.

———

प्रेषक : आक्का (अमळनेर)
विषय : उत्तर : उत्तर : शब्दांबद्दल

बापूंनी चालीचं सांगितलं, मी फक्त शब्दांचं सांगते. ‘गया, उना, रमना’ ही आपली खानदेशातली अहिराणी आणि ‘माझा डोळा’ ही पुस्तकातली मराठी, एका ओळीत खटकतं. ‘मना डोया भरी उना’ करा. अक्षरं आठच राहतात. ‘ळ’चा ‘य’ झाला की जीभ मागे वळवावी लागत नाही, लांब सूर सरळ निघतो. ‘माहेरमा’ मधला ‘र’ अर्धा म्हणा, नाहीतर ओळ नऊ अक्षरांची होते आणि समेला उशीर होतो.

‘माह्या’ घालू नका. ते यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीतलं. बहिणाबाईंची (१८८०-१९५१) बोली तीच, म्हणून पुष्कळ जण ती आणि अहिराणी एकच समजतात. दोन्ही आपल्याच, पण एका गाण्यात एकच बोली ठेवा.

———

प्रेषक : भाऊ (सिंगापूर, मूळ नंदुरबार)
विषय : उत्तर : घरोघरी रेकॉर्डिंग

आठ जणी आठ घरांतून गाणार, तर एवढं पाळा.

ब्लूटूथचे इयरफोन नकोत. त्यात आवाज ०.२ सेकंद सहज मागे पडतो. ९० च्या लयीत मात्रा ०.६७ सेकंदांची, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा मात्रा उशीर. आठ जणींचा आठ वेगळा उशीर जुळवताना ‘गया’ चा ‘ग’ पार विस्कटतो. वायरचाच इयरफोन घाला.

फोन तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला. समोर धरला तर ‘भरी’ चा ‘भ’ फुटतो. खोलीत गाद्या-गोधड्या असाव्यात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळा. सुरुवातीच्या दोन आवर्तनांत (८ सेकंद) फक्त ठोके आहेत, त्यातल्या दुसऱ्या समेवर एक टाळी द्या. त्या टाळीवरून मी सगळ्या फायली जुळवतो.

फाइल वॅव्ह, ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ ची फाइल ४८ ची समजून वाजली तर वेग सुमारे ९ टक्के वाढतो आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी ४ ची धड काळी ५ ही नाही आणि पांढरी ६ ही नाही. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो.

ताई, तुमच्या पेटीचा सा १० सेकंद धरून वेगळा पाठवा. पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेल्या असतीलच असं नाही.

———

प्रेषक : ताई (टोरांटो)
विषय : उत्तर : दुसरा खर्डा

बापू, आक्का, भाऊ, तिघांचं ऐकून नव्याने बांधलं. ९० ची लय, सहाव्या मात्रेचा उठाव, ‘मना डोया’. बासरी गेली, त्या जागी दोराची करकर, टोकाटोकाला एकेक, २ सेकंदांच्या अंतराने. अंतरा आता धैवतावर थांबतो.

तालमीला मेट्रोनोम ठेवला नाही. सव्वातीन फुटांच्या सुतळीला पाण्याची भरलेली बाटली टांगली. मोजमाप खिळ्यापासून बाटलीच्या मध्यापर्यंत. १३ फुटांचा चौथा हिस्सा, म्हणून वेळ निम्मा : २ सेकंदांत एक फेरा, तीन मात्रा. गाणाऱ्यांनी घड्याळाच्या ठोक्याऐवजी बाटलीकडे बघितलं की ‘या’ आपोआप धरला जातो.

एक अडलंय. झेलणाऱ्या बाया ‘या’ संपायच्या आतच ‘झोका’ उचलतात. त्यांना तिसऱ्या मात्रेवर सोडू की पुढच्या सहावीवर?

———

प्रेषक : बापू (शारजा)
विषय : उत्तर : उत्तर : दुसरा खर्डा

सहावीवर. तिसरीवर झोका परतीला लागलेला असतो. तिथे नवा आवाज आला तर धक्का बसतो.