कुत्र्याला गोठवलेलं ताक द्या, पण खडे करून नको
उन्हाळ्यात कुत्र्याला गार खाऊ म्हणून "घरचं ताक बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून द्या" असं बरेच जण सुचवतात, ते ठीकच, फक्त ताक बिनमिठाचं हवं. उरलेला मठ्ठा चालणार नाही. पण आकाराबद्दल कुणी बोलत नाही. ट्रेमधला घट्ट खडा कडाकडा फोडताना दाढेचा टवका उडू शकतो आणि लहान कुत्र्याच्या घशात तो अडकूही शकतो. त्यापेक्षा चाटायच्या रबरी मॅटवर किंवा पसरट ताटलीत अर्धा सेंटीमीटर थर गोठवा: दोन चमचे ताजं दही, तेवढंच पाणी, बिया काढलेल्या कलिंगडाचा थोडा गर. हा थर चाटावाच लागतो. दही पहिल्यांदा चमचाभरच द्या, काहींना जुलाब होतात. चिकनचं पाणी गोठवायचं तर कांदा-लसूण न घालता उकळा आणि गार झाल्यावर वरची चरबी काढून टाका. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्यांना विषारी) लिहिलेलं दिसलं की तो डबा बाद. द्राक्षं, मनुका कुठल्याच रूपात नकोत.

आणि उन्हाने कुत्र्याची धाप थांबत नसेल, तोल जात असेल तर खाऊबिऊ विसरा. अंगावर साधं गार पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि तसंच ओलं डॉक्टरांकडे न्या.