आठवड्याला वर्गाचं एक पान: पालकांची गरज की शिक्षकांवर आणखी एक ओझं?

मुठाकाठची आई

माझी मुलगी तिसरीत आहे. अनुदानित शाळा, मराठी माध्यम. वर्गाचा व्हॉट्सॲप गट दिवसभर वाजत असतो, पण या आठवड्यात वर्गात काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. गटावर येतं ते असं: आषाढीच्या आदल्या रात्री 'उद्या दिंडी आहे, मुलींनी नऊवारी, मुलांनी धोतर-टोपी'. कुणाचा डबा बदलला. झेंडावंदनाची वेळ. मग खाली 'धन्यवाद मॅडम'ची रांग आणि त्या रांगेत हरवलेली शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची तारीख, कारण गट तिसरी-चौथीचा मिळून एकच आहे.

माझं म्हणणं असं की दर शनिवारी शाळा सुटायच्या आत वर्गशिक्षकांनी एक पान पाठवावं. 'हातच्याची बेरीज चालू आहे, घरी दुकानाचा हिशेब तोंडी करून घ्या. परिसर अभ्यासात आपला जिल्हा सुरू झाला, घरात नकाशा असेल तर दाखवा. सोमवारी वजन-उंची मोजणार. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, घरातलं एक पुस्तक पाठवा, नवं विकत घेऊ नका. पुढच्या शनिवारी साडेआठला पालकसभा.' बस, एवढंच. गटाच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करून ठेवलं की बाकीचा गोंगाटही संपतो.

ही मेहेरबानी मागत नाही मी. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधल्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती याबद्दल पालकांशी नियमित बैठका घेऊन त्यांना माहिती देणं हे त्यात स्पष्ट आहे. सत्रातून एकदा प्रगतिपुस्तकावर सही घेणं म्हणजे नियमित नव्हे.

खडू-फळा

ताई, कलम 24 वाचलंत, तसं 27 पण वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं तिथे लिहिलंय. प्रत्यक्षात काय चालतं ते जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत येऊन बघा.

आमची शाळा द्विशिक्षकी. साठपर्यंत पट असला की प्राथमिकला दोनच शिक्षक मंजूर. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. म्हणजे तुमचं एक पान आमच्याकडे प्रत्येकी दोन पानं होतं. त्याच वेळात पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, यूडायसची (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) माहिती, आधार जुळत नाही म्हणून पालकांना फोन, आणि दुपारी अचानक येणारी 'आजच्या आज माहिती सादर करावी' ही ओळ.

माझी खरी भीती वेगळीच आहे. आज हे पान ऐच्छिक असेल. उद्या त्याचं परिपत्रक निघेल. परवा लिंक येईल आणि पान पाठवल्याचा फोटो अपलोड करायला सांगतील. मग पान पालकांसाठी राहणार नाही, पुराव्यासाठी राहील. झाडं लावण्यापासून हात धुण्यापर्यंत प्रत्येक चांगल्या उपक्रमाचं हे असंच होताना मी पाहिलंय. पालकांना शाळेचं दार उघडं आहे. या, वर्गात बसा, वही बघा.

मुठाकाठची आई

@खडू-फळा, दार उघडं आहे हे तुमच्या गावात खरं असेल. शहरात गेटवर रखवालदार असतो आणि त्याला कारण सांगावं लागतं. आणि अकरा वाजता वर्गात येऊन बसायला आई नोकरी सोडून येणार का?

परिपत्रकाची भीती मात्र मला पटते. म्हणून हे वरून येऊ नये, वर्गशिक्षक आणि त्या वर्गाचे पालक यांच्यातच राहावं.

समिती सदस्य, सिन्नर

आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असा कायदाच आहे. माझी पत्नी नाही, मी स्वतः सदस्य आहे, पण समितीतल्या बायकांची अडचण रोज बघतो. व्हॉट्सॲपवर बैठकीची सूचना येते ती नवऱ्याच्या फोनवर. फोन दिवसभर त्याच्या खिशात, तो निफाडला किंवा नाशिकला. संध्याकाळी तिला कळतं की बैठक सकाळीच झाली, आणि मग इतिवृत्ताची वही सहीसाठी घरी येते. तुमचं शनिवारचं पान याच वाटेने जाणार असेल तर ते अर्ध्या आयांपर्यंत पोचणारच नाही.

आमच्या शाळेच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, एक फळा रंगवून घेतलाय. दूध घालायला जाणारा, एसटीची वाट बघणारा, सगळे तो वाचतात. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरा वाचून दाखवतो.

आता कार्यक्रमांचं. आमचा बाल आनंद मेळावा नेहमी डिसेंबर-जानेवारीत असतो. पोरं भेळ, वडापाव, घरची मेथी-कोथिंबीर विकायला बसतात, पैसे मोजतात, सुट्टे परत देतात. वर्षातलं सगळ्यात चांगलं गणित त्या दिवशी होतं. पण नेमकी तेव्हाच उन्हाळ कांद्याची लागण जोरात असते. आदल्या दिवशी सांगितलं तर मजुरीची पाळी मोडून कोण येणार? निदान पंधरा दिवस आधी तारीख कळली तर टोळीच्या मुकादमाला सांगता येतं. शाळेला वाटतं पालक उदासीन आहेत. पालक उदासीन नाहीत हो, त्यांना वेळेत कुणी सांगतच नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

सगळे तंत्रावर बोलत आहेत, मला मुळावर बोलायचं आहे. शाळेची बातमी घरी नेण्याचं काम मुलाचं आहे. ते आपण त्याच्याकडून का काढून घेतोय?

आमच्या काळी सूचना वही होती. शेवटच्या तासाला फळ्यावरची सूचना मुलं उतरवून घेत. ती घरी दाखवणं, सही आणणं, उद्या काय न्यायचं ते लक्षात ठेवणं, ही सगळी जबाबदारी मुलाची. विसरलं तर एक दिवस रंगपेटी नसायची, शेजारच्याकडून मागून घ्यायचा. पुन्हा विसरत नसे. आता आईच्या फोनवर सगळं येतं, आई दप्तर भरते. आठवीतला मुलगा 'मला माहीत नाही, मम्मीला विचारा' म्हणतो आणि पालकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

शिवाय दर आठवड्याला 'काय शिकवलं' हे कळलं की रविवारी घरात दुसरी शाळा भरते. अभ्यास पुढे गेला नाही की शिक्षकाला फोन, शेजारच्या तुकडीशी तुलना. मूल एखाद्या गोष्टीवर पंधरा दिवस अडलं तर अडू द्यावं. शिक्षकाला तेवढी मोकळीक हवी.

कानडी मावशीची भाची

सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि दोन-तीन शब्दांच्या पुढे बोलत नाही. तो सर्वसाधारण शाळेत जातो, सगळ्या मुलांसोबत. तो बातमी घरी आणू शकत नाही. वर्गात गोष्ट कुठली झाली हे मला कळलं तर तीच गोष्ट रात्री चित्रं दाखवून पुन्हा सांगता येते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तो ती ओळखतो, हसतो, बोट दाखवतो. नाही कळलं तर तो वर्गात बसून असतो, इतकंच. कार्यक्रमांचंही तसंच. ढोल-ताशा वाजणार हे आधी माहीत असलं तर मी त्याला चार दिवस तयार करते. अचानक वाजला तर तो कान दाबून टेबलाखाली जातो आणि पुढचा आठवडाभर शाळेचं नाव काढू देत नाही.

त्याच्या बाईंकडे मी कागद मागितला नाही. त्या शनिवारी सुटताना दोन मिनिटं बोलतात. पण बाई बदलल्या की ते संपेल, कारण ते शाळेचं नाही, त्यांचं आहे. म्हणून मला लेखी, सगळ्यांसाठी, ठरलेलं हवं आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

@कानडी मावशीची भाची, तुमच्या मुलासाठी शाळेने हे केलंच पाहिजे, आणि आठवड्याला नव्हे, रोज. त्यावर माझा वाद नाही. पाचवीच्या पुढच्या सरसकट सगळ्या मुलांसाठी मात्र माझं मत तेच राहील.

ठाणे पश्चिम

आमच्या शाळेत (खासगी, इंग्रजी माध्यम) हे पान दर शुक्रवारी येतं. रंगीत, सुबक. ते वाचून मला माझ्या मुलाच्या वर्गाबद्दल काहीही कळत नाही. 'मुलांनी उत्साहाने सहभाग घेतला' आणि खाली बारा फोटो. तेच फोटो संध्याकाळी शाळेच्या इन्स्टाग्रामवर, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जाहिरातीत. आम्हाला कुणी विचारलं? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलंय. गणवेश, शाळेचं नाव, मुलाचा चेहरा आणि खाली 'अभिनंदन' म्हणून पूर्ण नाव, हे सगळं एका चौकटीत जगाला दाखवायचं कारण काय?

दुसरं म्हणजे ते पान असतं इंग्रजीत. 25 टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या आया ते पान मला पाठवून विचारतात, 'दादा, यात पैसे किती भरायचे लिहिलंय का?' मुंबई महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते आणि लाखाच्या वर फी घेणाऱ्या शाळेला पालकांच्या भाषेत चार ओळी लिहिता येत नाहीत?

म्हणून माझा विरोध. पान सुरू झालं की ते शाळेची जाहिरात होतं.

एडिसनहून

इथे अमेरिकेत शिक्षिकेचं साप्ताहिक पत्र ही सर्वसाधारण गोष्ट आहे. शिवाय लहान वर्गांत मुलाच्या दप्तरात एक फोल्डर येतो, पाहून झालेला अभ्यास आणि शाळेचे कागद त्यात. माझा अनुभव असा की जोवर पत्र पडदा न सरकवता फोनवर मावतं तोवर सगळे वाचतात. पुस्तक मेळा, निधी संकलन, वर्गात मदतीला कोण येणार असं सगळं त्यात घुसलं की वाचणं बंद. लांबीचं बंधन पहिल्या दिवसापासून घाला.

खडू-फळा

सिन्नरच्या दादांनी भिंतीवरच्या फळ्याचं सांगितलं ते मनाला लागलं. मी बीडची. दिवाळी झाली की आमच्या गावातले निम्मे आई-बाप ऊसतोडीला जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. गुढीपाडव्याच्या आसपास आई-बाप परत येतात. त्यांना ना फळा दिसतो, ना वाचायला वेळ असतो. मी गेल्या हंगामात आवाजाचा संदेश पाठवू लागले. कोप्यावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, रात्री भाकरी झाल्यावर एकाच्या फोनवर चार बिऱ्हाडं मिळून ऐकतात. मुलांचाच आवाज पाठवते: 'आई, मी नऊचा पाढा म्हणते.' म्हणजे सर म्हणतात तसं बातमी मूलच देतं, आणि माझं लिहायचं कामही वाचतं.

तरी माझा मुद्दा मी सोडलेला नाही. हे मी करते ते मला वाटतं म्हणून. सक्ती झाली की मी थांबेन.

मुठाकाठची आई

तुमचं वाचून मी 'पान' हा हट्ट सोडते. आवाज असो, फळा असो, सुटतानाची दोन मिनिटं असोत. वर्गात काय झालं ते मुलांनीच सांगावं हेही मान्य. चौथीपासून पुढच्या मुलांनी शनिवारी आळीपाळीने फळ्यावर लिहावं.

पण 'पुढे काय आहे' हा भाग मुलांवर सोडायला माझी तयारी नाही. स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहलीची वर्गणी, पालकसभेची वेळ, यात पैसा आणि रजा अडकलेली असते. ते मोठ्यांनी मोठ्यांना, पंधरा दिवस आधी, रकमेसकट आणि घरात बोलतात त्या भाषेत सांगावं. फोटो नको, नावं नकोत. आणि ज्या कार्यक्रमाची सूचना पंधरा दिवस आधी दिली नाही, त्यात पोशाख किंवा पैसे मागू नयेत, एवढा एक नियम समितीने किंवा पालक-शिक्षक संघाने करावा. @ठाणे पश्चिम, यात जाहिरात घुसवायला जागा कुठे आहे सांगा.

ठाणे पश्चिम

एवढंच राहिलं तर माझी हरकत नाही. आमच्या पालक-शिक्षक संघापुढे पंधरा दिवसांचा नियम मांडतो. फोटोंसाठी वेगळी लेखी संमती हा दुसरा मुद्दा त्याच बैठकीत.

निवृत्त मुख्याध्यापक

पंधरा दिवसांचा नियम पाळणं मुख्याध्यापकाला अवघड आहे हे लक्षात घ्या. अर्धे कार्यक्रम वरून येतात आणि परिपत्रकावरची तारीख कधी कधी उद्याची असते. मात्र अशा कार्यक्रमात मूल गणवेशातच येईल असं शाळेला ठरवता येतं. नऊवारी नसली म्हणून दिंडी अडत नाही.

खडू-फळा

उद्याच्या तारखेचं परिपत्रक आलं की पालकांची बोलणी आम्हीच खातो, सर. मी पुढच्या कार्यक्रमांच्या चार ओळी दर शनिवारी द्यायला तयार आहे. फक्त त्या बदल्यात माझी कुठली नोंद कमी होणार हे आधी मुख्याध्यापकांनी सांगावं. शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटते आणि पोषण आहाराचा हिशेब मला त्याच अर्ध्या तासात भरायचा असतो.