ईस्ट बंगाल : स्थापना १९२०ची, मग फाळणीग्रस्तांचा क्लब कसा?

मैदानकाठ

कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबबद्दल मराठीत थोडंफार लिहिलं जातं. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी काढलेला क्लब.' पण स्थापनेची तारीख १ ऑगस्ट १९२० आहे आणि फाळणी त्यानंतर २७ वर्षांनी झाली. मग निर्वासितांशी नातं जुळलं कधी आणि कसं? लाल-पिवळा रंग आणि मशाल एकाच घटनेतून आले का? किंगफिशर, क्वेस, एससी अशी नावं बदलत गेली, त्यात क्लब तोच राहिला का? शिवाय करंडकांचे आकडे दोन ठिकाणी दोन दिसतात, ते मोजायचे कसे? शाळेतल्या मुलांसमोर बोलायचं आहे, म्हणून नेमकं हवं आहे.

---

लालपिवळा

ते वाक्य काढूनच टाका आणि सुरुवात २८ जुलै १९२०पासून करा. त्या दिवशी कूचबिहार कपमध्ये जोराबागान विरुद्ध मोहन बागान असा सामना होता. जोराबागानने शैलेश बोस या बचावपटूला वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवा म्हणून आग्रह धरला, कारण विचारलं, पण धड उत्तर मिळालं नाही. मुलगा पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावललं, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी क्लब सोडला. चारच दिवसांनी नवा क्लब उभा राहिला. नशा सेन या नावाने ओळखले जाणारे रमेशचंद्र सेन, अरविंद घोष (हे फुटबॉलवाले, योगी अरविंद नव्हेत) आणि संतोष संस्थानचे मन्मथनाथ राय चौधुरी ही मंडळी सोबत होती.

मुलांना शेवटचं नाव आवर्जून सांगा. आपल्याकडे राज्यांच्या संघांची जी संतोष ट्रॉफी आहे, ती याच संतोषच्या राजांच्या नावाने. संतोष हे गाव आज बांगलादेशात टांगाइलजवळ आहे. पहिले अध्यक्ष शारदारंजन राय. बंगालमध्ये क्रिकेट रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत येतं आणि नात्याने ते सत्यजित राय यांच्या आजोबांचे भाऊ.

यावरून १९२०ची मंडळी कोण होती ते कळतं. जमीनदार, वकील, प्राध्यापक, आणि शिक्षण-नोकरीसाठी कोलकात्यात राहणारे पूर्व बंगालचे तरुण. घरदार गमावलेलं कोणी नव्हतं. सुट्टीत सगळे गावी जात. सल होता तो शहरात मिळणाऱ्या वागणुकीचा. बोलण्याच्या ढंगावरून, जेवणावरून त्यांना हिणवलं जाई.

लगेच दुसरा अडथळा आला. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात भारतीय संघ दोनच असावेत असा नियम होता आणि त्या दोन जागा मोहन बागान आणि आर्यन यांच्याकडे होत्या. १९२४मध्ये ईस्ट बंगालने दुसऱ्या विभागात वर जाण्याइतकी कामगिरी केली, तेव्हा विरोध झाला तो या दोन भारतीय क्लबांकडूनच. शेवटी नियम बदलला आणि १९२५मध्ये ईस्ट बंगाल वर आला. २८ मे १९२५च्या लीग सामन्यात नेपाळ चक्रवर्तीच्या गोलवर त्यांनी मोहन बागानला १-०ने हरवलं. दोघांमधलं वैर फाळणीच्या किती आधीचं आहे, ते दाखवायला ही एक तारीख पुरे.

रंग आणि मशाल यांचा उगम एक नाही. चौरंगीवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या बड्या दुकानात टांगलेला लाल-सोनेरी शर्ट संस्थापकांना आवडला आणि तोच रंग ठरला, अशी क्लबची परंपरा सांगते. मशाल पुढच्या दशकातली. १९२८मध्ये संघ खालच्या विभागात घसरला होता. १९३०मध्ये वर येण्याची संधी होती, पण सविनय कायदेभंगामुळे लीग मधेच थांबली आणि बढती नाकारली गेली. तेव्हा पाठीराखे पेटत्या मशाली घेऊन रस्त्यावर उतरले. बोधचिन्ह त्या मिरवणुकीतून आलं. दोन्ही गोष्टी फाळणीच्या आधीच्याच.

---

हाफलाइन

वरच्या उत्तरात एक भर. १९३०च्या दशकात पूर्व बंगालमधले सगळेच या क्लबच्या मागे होते, असं समजू नका. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ सलग ५ वेळा कलकत्ता लीग जिंकली. ही लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. बंगालच्या दोन्ही भागांतला मुस्लिम प्रेक्षक त्यांच्यामागे उभा राहिला. म्हणजे ईस्ट बंगालचा पाठीराखा हा प्रामुख्याने पूर्व बंगालचा हिंदू होता. हे वगळलं तर फाळणीनंतरचं चित्र नीट समजत नाही.

१९४७नंतर लाखो माणसं सीमा ओलांडून आली आणि दक्षिण कोलकात्यात जादवपूर, विजयगड, आझादगड, नेताजीनगर या भागांत वसाहती उभ्या राहिल्या. कित्येक ठिकाणी मोकळी जागा ताब्यात घेऊन, बांबू आणि पत्र्याची घरं बांधून. जिल्हा सुटला, नदी सुटली, शेतीवाडी गेली. मैदानावर मात्र आपल्या मुलखाचं नाव घेऊन उतरणारा एक संघ तयार होता. २७ वर्षं जुन्या क्लबला त्या चार-पाच वर्षांत अख्खा नवा समाज मिळाला. आसाममधलं सिलचर, त्रिपुरातलं आगरतळा, उत्तर बंगाल इथेही हा पाठिंबा त्याच वाटेने पोचला.

नेमका तेव्हाच क्लबचा सर्वांत देखणा संघ खेळत होता. १९४९मध्ये त्यांनी कलकत्ता लीग, आयएफए शील्ड (कोलकात्यातली जुनी बाद पद्धतीची स्पर्धा) आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही करंडक जिंकले. आघाडीच्या पाच जणांना लोक पंचपांडव म्हणत: वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. शील्ड १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग ३ वर्षं त्यांच्याकडे राहिली.

या पाचांत बंगाली एकही नाही. सगळे दक्षिणेतले: बंगळूर, आंध्र, केरळ. त्यांना हेरून आणण्यात ज्योतिषचंद्र गुहा या चिटणीसांचा मोठा वाटा. त्याआधी ब्रह्मदेशाचा फ्रेड पग्सली खेळून गेला होता. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर जीव वाचवून भारतात आलेला हा खेळाडू. निर्वासित आणि ईस्ट बंगाल हे नातं मुलांना सांगायचं असेल तर पग्सलीपासून सुरू करता येईल, तेही फाळणीच्या ५ वर्षं आधी.

---

मैदानकाठ

दोघांचेही आभार. मग असं लिहू का, की ओळख पाठीराख्यांची होती आणि संघाचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता?

---

लालपिवळा

तसं लिहू नका, ते अर्धंच होईल. संघ जे जिंकत गेला त्यातून ती ओळख घट्ट झाली. १९७० ते १९७५ सलग ६ वेळा कलकत्ता लीग. १९७०च्या शील्ड अंतिम सामन्यात इराणच्या पास क्लबवर १-०, परिमल देचा गोल. १९७३च्या शील्डमध्ये उत्तर कोरियाच्या प्योंगयांग संघावर ३-१. आणि ३० सप्टेंबर १९७५ला शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-०: श्याम थापा २, सुरजित सेनगुप्ता, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सान्याल प्रत्येकी १. वसाहतीत वाढलेली पिढी तेव्हा विशी-पंचविशीत होती. बाहेरून येऊन या शहरात पाय रोवता येतात, हे तिला तिथे दिसलं. ही ताकद नुसत्या नावात नसते.

त्याच वेडाची काळी बाजूही टाळू नका. १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक गेले. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसवले होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. आता डर्बीला, म्हणजे या दोन संघांच्या सामन्याला, दोघांचे विभाग आणि प्रवेशद्वारं वेगळी असतात. तिकीट काढताना विभाग तपासूनच घ्यावं, दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून चुकीच्या दारात जाऊ नये.

ओळख आजही जिवंत आहे त्याचं उदाहरण जानेवारी २०२०च्या डर्बीत दिसलं. नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून देशभर वाद पेटला असताना ईस्ट बंगालच्या गॅलरीत भलामोठा फलक उलगडला: ही माती रक्त देऊन घेतली आहे, कागद देऊन नाही. ज्यांनी तो रंगवला त्यांतले बहुतेक फाळणीनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेले असणार.

---

करारपत्र

नावांच्या प्रश्नाकडे येतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गुंता सुटतो. एक, सभासदांचा क्लब. मैदान, हॉकी आणि क्रिकेटचे संघ, निवडून आलेली कार्यकारिणी हे सगळं त्याचं. मैदानावरच्या क्लबघराला कोलकात्यात टेंटच म्हणतात. तिथली जमीन लष्कराच्या ताब्यात असल्याने मनाला येईल तसं पक्कं बांधकाम करता येत नाही. मोठे सामने सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर नेण्यामागे हेही एक कारण आहे. दोन, व्यावसायिक फुटबॉल संघ चालवणारी कंपनी. नाव बदलतं ते या दुसऱ्या भागाचं.

१९९८मध्ये यूबी समूह आला आणि किंगफिशर हे नाव पुढे लागलं. त्याच सुमारास त्याच समूहाचं मॅकडॉवेल मोहन बागानच्या नावापुढे होतं! २०१८मध्ये क्वेस कॉर्पने ७० टक्के हिस्सा घेतला आणि २०२०मध्ये ते बाहेर पडले. सप्टेंबर २०२०मध्ये श्री सिमेंट ७६ टक्क्यांसह आले, संघ एससी ईस्ट बंगाल या नावाने इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) उतरला. २०२२मध्ये इमामी आली. लीगमध्ये संघाचं नाव आता ईस्ट बंगाल एफसी आहे.

बिघडलं कुठे, तर श्री सिमेंटच्या वेळी. प्राथमिक करारावर सह्या झाल्या, अंतिम करारावर क्लबने सही केलीच नाही. सभासदांचे आणि क्लबच्या मालमत्तेचे हक्क कंपनीकडे जातील, असा कार्यकारिणीचा आक्षेप होता. कंपनीचं म्हणणं, आधी जे मान्य केलं तेच कागदावर आहे. जुलै २०२१मध्ये पाठीराखे टेंटसमोर निदर्शनं करत होते. या ओढाताणीत खेळाडू घ्यायला उशीर होतो: चांगले भारतीय खेळाडू आधीच इतरत्र करारबद्ध होतात, परदेशी खेळाडू उरतील तसे घ्यावे लागतात, सरावाला पुरते आठवडे मिळत नाहीत. आयएसएलच्या पहिल्या मोसमात संघ ११पैकी ९वा आणि दुसऱ्यात शेवटचा आला, यात नवल नाही. माझं स्पष्ट मत आहे, की या दोन वर्षांचा दोष खेळाडूंवर टाकणं अन्याय आहे.

सूर सापडला तो २८ जानेवारी २०२४ला, भुवनेश्वरच्या सुपर कप अंतिम सामन्यात. जादा वेळेत ओडिशावर ३-२, निर्णायक गोल क्लेटन सिल्वाचा. २०१२च्या फेडरेशन कपनंतर देशपातळीवरचा हा पहिला करंडक. आणि महिला संघाला विसरू नका: २०२४-२५ची इंडियन विमेन्स लीग ईस्ट बंगालने जिंकली आहे.

---

कूपरेजकर

आकडे का जुळत नाहीत ते सांगतो, रोव्हर्स कपचं उदाहरण घेऊन. मुंबईत कूपरेजवर होणारी ही स्पर्धा असल्याने आपल्याला जवळची. ईस्ट बंगालची जेतेपदं: १९४९, १९६२, १९६७, १९६९, १९७२, १९७३, १९७५, १९८०, १९९० आणि १९९४. एकूण १०. पण त्यातली ३ संयुक्त आहेत: १९६२ आंध्र पोलिसांबरोबर, १९७२ मोहन बागानबरोबर, १९८० मोहमेडन स्पोर्टिंगबरोबर. कोणी १० लिहितो, कोणी ७. तुम्ही '१०, पैकी ३ संयुक्त' असंच लिहा.

दुसरी गफलत वर्षाची. हिवाळ्यात खेळलेल्या स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत अडकतात, मग एकाच जेतेपदाला दोन साली दाखवतात. बेरीज करण्याआधी तारखेसह यादी करा, दुहेरी नोंद लगेच दिसते.

तिसरी, डर्बीची गोळाबेरीज. काही याद्यांत मित्रत्वाचे सामने धरतात, काहींत नाही. अर्धवट राहिलेल्या सामन्यांचंही तसंच. ९ डिसेंबर २०१२ला ईस्ट बंगाल १-०ने पुढे होता, गॅलरीतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलंच नाही. हा विजय कोण मोजतो, कोण वगळतो. म्हणून एकूण आकडा देण्यापेक्षा स्पर्धेचं नाव घेऊन आकडा द्या.

चौथी, देशपातळीवरची लीग. नॅशनल फुटबॉल लीग त्यांनी ३ वेळा जिंकली: २०००-०१, २००२-०३ आणि २००३-०४. २००७मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. ती एकदाही नाही. दोन्ही एकत्र करून 'आय-लीग ३ वेळा' असं छापलेलं दिसतं, ते चूक.

मुलांना एकच सामना सांगायचा असेल तर मी २६ जुलै २००३ निवडेन. जकार्तात आसियान क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, प्रशिक्षक सुभाष भौमिक, समोर थायलंडचा बीईसी टेरो सासाना, निकाल ३-१. गोल केले नायजेरियाच्या माइक ओकोरोने, सिक्कीमच्या बायचुंग भुतियाने आणि आपल्या गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाने. हाफलाइन यांनी पंचपांडवांबद्दल जे लिहिलं, त्याच्या शेजारी ही तीन नावं ठेवा.