मदत हवी आहे: डेटावरून कॉल केला की आवाज तुटतोय

मंडळी, जरा मदत पायजे होती. भाऊ जर्मनीत असतोय, आई त्याच्याशी रोज ॲपवरूनच बोलते, घरी वायफाय नाही त्यामुळं सगळं मोबाईल डेटावर. आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतोय, दुपारी आवाज एकदम क्लिअर असतोय पण रात्री आठनंतर लई तुटतोय आणि उशिरा पोचतोय, मग दोघं एकदमच बोलतात, परत दोघं गप्प, शेवटी आई कंटाळून फोन ठेवते. बघवत नाही ओ.

रेंज फुल असते. मी वाचलं की व्होल्टीचा (VoLTE, म्हणजे ॲप न वापरता नंबर लावून केलेला) साधा कॉल पण 4जी वरूनच जातोय पण नेटवर्क त्याला आधी वाट देतंय, ॲपचा कॉल मात्र सगळ्यांच्या व्हिडिओच्या गर्दीतच अडकतोय. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदाच्या आत असला तर बोलताना जाणवत नाही म्हणं, आमच्याकडं तर सरळ सरळ जाणवतोय.

सारखं 4जी-5जी बदलत असतंय, तर फोन नुसत्या 4जी वर ठेवून कुणाला फरक पडलाय काय? का दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊ? फायबर घेतलं तर रात्रीचं पण नीट चालतंय काय? फुलेवाडी, रंकाळा साइडला कुणी वापरत असेल तर प्लीज सांगा.