टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात ती टेस्ट) निगेटिव्ह, पण खाली ‘स्लो रिकव्हरी’ लिहिलंय, काय समजायचं?

पायवाट५२:
वय ५२, बीपी-शुगर नाही, गोळी कुठलीच नाही. वडील झोपेतच गेले, हार्टनेच, म्हणून मनातला किडा काढायला टीएमटी करून घेतली. ९ मिनिटं २० सेकंद चाललो, छातीत काही झालं नाही, ईसीजीतल्या ‘एसटी’ भागात बदल नाही, वर ठळक निगेटिव्ह. पण खाली बारीक अक्षरात ठोक्यांचा पीक, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा, १५८, थांबल्यावर एका मिनिटाने १४८, आणि पुढे ‘स्लो रिकव्हरी’. डॉक्टर म्हणाले छान आहे आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता वाचतोय तर याच आकड्यावरून जीवाचा धोका कळतो म्हणे. मग निगेटिव्ह कशाला म्हणतात?

रिकामटेकडा:
निगेटिव्ह म्हणजे जोर पडल्यावर हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण ईसीजीत दिसली नाही, एवढंच. हृदयाची रक्तनळी ७० टक्क्यांच्या आसपास बुजली की ती खूण दिसायची शक्यता, आणि अटॅक कितीदा तरी त्याहून लहान, नळीत साचलेला चरबीचा थर फुटून वर गुठळी धरल्याने येतो, तो या टेस्टला दिसत नाही.
धोक्यासाठी ड्यूक स्कोअर काढतात, चाललेली मिनिटं, त्यातून एसटी जितके मिमी हलला त्याच्या ५ पट वजा, छातीत दुखलं तर अजून ४ वजा, त्यामुळे थांबावं लागलं तर ८. तुमचा ९ च्या वर येतो, ५ पासून पुढे कमी धोका, उणे ११ किंवा खाली गेला तर जास्त. पण ट्रेडमिलचा दांडा धरून चाललात का? धरला तर मिनिटं फुगतात.

ईसीजीवाली:
ट्रेडमिलपाशी रोज उभी असते म्हणून सांगते. थांबल्यावर ठोके पहिल्या मिनिटात झपकन उतरायला हवेत, ते काम व्हेगस नर्व्हचं, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या नसेचं, तीच सुस्त असेल तर उतरत नाहीत. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १२ किंवा कमी उतरणाऱ्यांमध्ये पुढच्या सहाएक वर्षांत मृत्यू जास्त दिसले, वय वगैरे हिशोबात धरूनही जवळपास दुप्पट. पण ते लोक थांबल्यावर हळूहळू चालत होते! लगेच आडवं केलं तर ठोके जास्त उतरतात, तिथे हद्द १८ धरतात. तुम्हाला चालवलं की झोपवलं, हे रिपोर्टवर बहुतेक नसेलच.

उगाचच:
घाबरवताय कशाला त्यांना. पॅरिसमधल्या ५,७१३ धडधाकट पुरुषांना सायकलवर बसवून टेस्ट केली आणि २३ वर्षं मागोवा घेतला, २००५ मध्ये छापून आलं. बसल्या जागी ७५ च्या वर ठोके, जोर लावून ८९ पेक्षा कमी वाढ, मिनिटात २५ पेक्षा कमी उतार, अशांमध्ये अचानक मृत्यू जास्त, बरोबर. पण अख्ख्या घोळक्यात असे मृत्यू किती, ८१! दुप्पट-चौपट ऐकलं की पोटात गोळा येतो, मुळात कशाच्या पट हे कोणी विचारत नाही.

पायवाट५२:
दांडा घट्ट धरला होता हो, तिथल्या मुलीने दोनदा सांगितलं सोडा म्हणून. नंतर पट्टा हळू चालूच होता, म्हणजे माझी हद्द १२ वाली. बसून ६६ होते, म्हणजे वाढ ९२.

ईसीजीवाली:
मग ९ मिनिटं थोडी उधारीची धरा 😄 आणि १० विरुद्ध १२ मध्ये दोनच ठोके, मशीनने पीक कुठला पकडला त्यावरही हलतात. पण वडिलांचं डॉक्टरांना सांगितलंत का? ते या कागदावर कुठेच नाही.

पायवाट५२:
नाही, त्यांनी विचारलंच नाही आणि मीही बोललो नाही. सोमवारी रिपोर्ट घेऊन परत जातो, कोलेस्टेरॉलही करून घेतो, तीन वर्षं केलेलं नाही.