मेंदू आणि पैसा यावर पीएच.डी.: पोरीला जाऊ द्यावं का?

(नागपूरकरांची लेखी चर्चा; नावाऐवजी प्रत्येकाची वस्ती.)

काटोल रोड: मुलगी एम.कॉम. झाली. बँकेच्या परीक्षा सोडून तिला बिहेवियरल फायनान्समध्ये पीएच.डी. करायची आहे, पैशाचा निर्णय घेताना मेंदूत काय होतं यावर. माझं मत: जावं.

२०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता. पुढच्या हंगामात माझ्या भावानं सगळा कापूस घरात भरला. माजघरात आढ्यापर्यंत ढीग, पोरांच्या अंगाला खाज सुटलेली. व्यापारी आठ हजार देत होता. "दहा आल्याबिगर नाही." शेवटी सातला दिला. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: नफा-तोटा माणूस मनातल्या एका आकड्यापासून मोजतो, आणि तोटा नफ्यापेक्षा जास्त झोंबतो. भाऊ मूर्ख नव्हता. त्याचा आकडा दहा हजार होता.

महाल: भाऊ, दुःख कळतं. पण हे समजायला पीएच.डी. कशाला? मी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास आहे; सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, शिकवतो. मागच्या दिवाळीला मानधन हातात नव्हतं, लेकराला कपडे उधारीवर घेतले. पोरीला या रांगेत उभी करू नका.

धरमपेठची ताई: नोकरीचं खरं आहे, विषयाचं नाही. कुन्हेन आणि नटसन या संशोधकांनी २००५ मध्ये मेंदूच्या स्कॅनरमध्ये लोकांना शेअर की बाँड निवडायला लावलं. जोखमीची निवड करण्याआधी बक्षिसाच्या आशेनं जागणारा मेंदूचा भाग पेटायचा, सावध निवडीआधी इन्सुला, ज्याचा संबंध तोट्याच्या भीतीशी लावतात तो भाग. आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा अहवाल बघा: २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांचं नुकसान, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. एवढी माणसं अडाणी म्हणायची का?

महाल: ताई, सेबीला तो आकडा काढायला मेंदूचे फोटो लागले नाहीत. खाती तपासली. शिवाय इन्सुला किळस आली, दुखलं तरी जागतो. तो पेटला म्हणजे माणूस तोट्यालाच भ्याला, हे कशावरून?

धरमपेठची ताई: हा आक्षेप बरोबर आहे. या क्षेत्रातली माणसंही तो घेतात.

काटोल रोड: मग तिला खात्यांचंच काम करू द्या. ओडीन या संशोधकानं १९९८ मध्ये एका ब्रोकरच्या दहा हजार खात्यांवरून दाखवलं, लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात, तोट्यातले धरून बसतात. आपल्याकडे बाजार समितीच्या पावत्या आहेत. कोणी कधी माल आणला, काय भाव घेतला, सगळं त्यात. सीएचबीचं मात्र तुम्ही म्हणता ते मला खोडता येत नाही. रात्री तिला तुमचं उत्तर वाचून दाखवतो.