अनुभव धागा: हृदयविकार होऊ नये म्हणून डॉक्टरांशी काय बोललात?

छातीत दुखायला लागल्यावर दवाखाना गाठणं वेगळं आणि काहीच होत नसताना जाऊन 'पुढे होऊ नये म्हणून काय करू?' असं विचारणं वेगळं. असं बोलणं कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा. गोळ्यांचे डोस मात्र एकमेकांना सुचवू नका.

*

माझ्या बाबांना पन्नाशीतच अटॅक आला होता. हे सांगितल्यावर डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट बाजूला ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाचं विचारत गेले: कुणाला, कितव्या वर्षी? वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत आजारी पडली असेल तर आपला धोका वाढतो, हे तेव्हा कळलं. मी विचारलं, "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे ना, मग?" ते म्हणाले, "नुसत्या एका आकड्यावर ठरत नाही. वय, बीपी, शुगर, तंबाखू, घरातला इतिहास, सगळं एकत्र धरायचं." मग लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, त्याची तपासणी सांगितली. हे प्रमाण आनुवंशिक असतं, पथ्य-व्यायामाने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. माझं जास्त निघालं. म्हणून एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणखी खाली ठेवायचं ठरलं, आणि धाकट्या भावालाही तपासणीला पाठवलं.

*

बायकांनी डॉक्टरांना हे जरूर सांगा: गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का? माझं बीपी वाढलं होतं, बाळंतपणानंतर उतरलंही. मला ते संपलेलं प्रकरण वाटायचं. नव्या डॉक्टरांनी आपणहून विचारलं म्हणून निघालं. अशा बायकांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, म्हणून आता दरवर्षी बीपी बघतात. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

*

माझं बीपी दवाखान्यात कायम जास्त यायचं. डॉक्टरांनी लगेच गोळी न देता घरी मोजायला सांगितलं, आणि कसं तेही दाखवलं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. ती वही पाहूनच गोळी नको असं ठरलं.

*

मी विचारलं, "खबरदारी म्हणून रोज ॲस्पिरिन घेऊ का?" स्पष्ट नाही म्हणाले. आधी अटॅक, स्टेंट असं काही नसेल तर रक्तस्रावाचा धोका फायद्यावर मात करू शकतो.

*

स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळीने) माझे पाय दुखायला लागले. बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्त तपासून दुसरी स्टॅटिन दिली, ती सोसते आहे. वर बीपीच्या वहीबद्दल लिहिलंय, त्यांना विचारायचं होतं: सकाळी मोजता की रात्री?

*

दोन्ही वेळेला. सकाळी चहाच्या आधी, आणि कुणाला गोळ्या चालू असतील तर त्यांच्याही आधी.